वायफायची मोजणी

रजा संपायच्या आधीच मी कामावर परत गेले. नियमाप्रमाणे अजून काही आठवडे मिळणार होते, पण घरी बसून काय करायचं ते मला कळत नव्हतं. आमचं घर कुडव्याला, दोन खोल्या आणि मागे मोरी. नवऱ्याचं गोंदियाच्या बाजारात पंप-मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो सकाळी दुकान उघडायला निघून गेला की मी एकटी. कुकर लावायची, तो उतरवायची, परत विसरून दुसऱ्यांदा लावायची. एक दिवस मी गाडी काढली आणि ऑफिसला गेले, एवढंच.

आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली होती. मुलगी होती. नर्सने गुंडाळून आणून दाखवली आणि मी पाहिली. तिचे केस खूप दाट होते. आई रडली, सासूबाई रडल्या, नवरा गाड्या लावतात तिकडे जाऊन रडून आला. मी रडले नाही. आत्ता नाही तर नंतर येईल, असं मला वाटलं होतं. नंतरही काही आलं नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. चिमटा काढला तर कळायचं, पण दुखायचं दुसऱ्या कोणाला तरी.

मी विद्यापीठाच्या नेटवर्क विभागात आहे. कॅम्पस बिरसीच्या बाजूला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाची शेतं आहेत. विमान चालवायला शिकणारी पोरं बिरसीच्या विमानतळावरून उडतात आणि आमच्या डोक्यावरून गोल फिरून परत उतरतात, दिवसभर. नवीन माणूस वर बघतो, आम्ही बघत नाही.

मी गेले तेव्हा विभागातल्या लोकांनी खुर्च्या सरकवल्या, कोणी पाणी आणलं, कोणी पंखा मोठा केला. आमचे विभागप्रमुख सर निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ. ते म्हणाले, "घरीच थांबायचं होतं ना थोडे दिवस."

मी म्हटलं, "काम द्या सर."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग म्हणाले, "कंट्रोलरचं तुम्हीच सुरू केलं होतं. तसंच पडून आहे. दुसऱ्या कोणाला जमलं नाही."

कंट्रोलर म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या घरातल्यांनाही ते कधी नीट कळलं नाही. वर्गात, ग्रंथालयात, वसतिगृहात छताला जे पांढरे चपटे डबे दिसतात, ज्यांच्यावर बारीक दिवा असतो, ते वायफाय देतात. असे शेकडो डबे कॅम्पसभर आहेत. पण डब्याला स्वतःची अक्कल थोडी. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, एक मुलगी बोलत बोलत एका इमारतीतून दुसरीत गेली तर तिचा कॉल न तोडता पुढच्या डब्याच्या हाती कसा द्यायचा, हे सगळं सर्व्हर रूममधलं एक यंत्र ठरवतं. तो कंट्रोलर. त्याची ताकद ठरलेली असते: इतके डबे, एका वेळी इतकी माणसं, आणि एका दमात इतक्यांना आत घेणं. त्यापुढे गेलं की तो बसतो. तो बसला की अख्खं कॅम्पस बसतं.

आमचा कंट्रोलर जुना होता. जूनमध्ये नोंदणीच्या दिवशी तो असाच बसला. हजारो मुलं एकदम पोर्टल उघडायला लागली आणि कोणालाच आत जाता येईना. मुलं ऑफिसच्या खिडकीशी येऊन ओरडत होती. मी तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होते. घामाने भिजलेली, एका हाताने पोट धरून दुसऱ्या हाताने यंत्र बंद-चालू करत होते आणि रडकुंडीला आले होते. रडकुंडीला येणं काय असतं ते त्या वेळी मला माहीत होतं.

त्यानंतर ठरलं की नवीन कंट्रोलर घ्यायचा. दोन नवीन वसतिगृहं आणि शेतीशास्त्राची नवी इमारत उभी राहत होती. नवा कंट्रोलर किती मोठा घ्यायचा, हे मला काढायचं होतं.

सरांना वाटलं असेल की मी टेबलाशी बसून आकडे लावीन. पण जुन्या यंत्रातले आकडे खरे नव्हते. आजकालचे फोन नेटवर्कमधला आपला खरा पत्ता लपवतात, प्रत्येक वेळी नवं तोंड घेऊन येतात. त्यामुळे एकच मुलगी यंत्राला चार मुली दिसते. उलट कोणाकडे फोन, लॅपटॉप आणि मनगटावर घड्याळ, तिन्ही जोडलेले असतात, तेव्हा एक माणूस खरोखरच तीन होतो. शिवाय सरासरी काढून उपयोग नाही. तास चालू असताना कॅम्पस ओस असतं आणि तास सुटला की पाच मिनिटांत सगळे इकडचे तिकडे होतात. कंट्रोलरला ती पाच मिनिटं निभवायची असतात. म्हणून मी ठरवलं, जाऊन उभं राहायचं. तास सुटताना जिन्याच्या तोंडाशी, ग्रंथालयाच्या दारात, कँटीनमध्ये, जेवणाच्या वेळी मेसमध्ये. किती जणांच्या हातात फोन आहे, किती जण चालता चालता बघतात, किती जण एका जागी बसून लॅपटॉप उघडतात.

हे काम मला बरं पडलं. उभं राहायचं आणि बघायचं. मुलंमुली माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत जायची आणि कोणी माझ्याकडे बघायचं नाही. नवरा संध्याकाळी विचारायचा, "झालं का आजचं मोजून?"

"ग्रंथालय झालं."

"उद्या?"

"उद्या वसतिगृह."

त्या दिवसांत आमचं एवढंच बोलणं व्हायचं. तो ताट वाढून घ्यायचा, मला वाढायचा. मी जेवायची. चव लागायची नाही, पण जेवायची.

मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये एक मावशी होत्या. सगळ्या मुली त्यांना मावशीच म्हणतात, म्हणून मीही. देवरीच्या पलीकडे जंगलाला लागून त्यांचं गाव. नवरा वनखात्यात रोजंदारीवर होता, तो गेल्यावर त्या इकडे कामाला आल्या. उंच, हाडापेराने मजबूत, मोठ्या आवाजाच्या बाई. मी पोटुशी असताना एकदोनदा वायफायचे डबे बघायला मेसमध्ये गेले होते, तेव्हा त्यांनी मला बळेच बसवून ताक पाजलं होतं.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी मी दारात उभी होते. मावशींनी भाताच्या पातेल्यामागून मला पाहिलं, झारा तसाच हातात धरून बाहेर आल्या, माझ्या सपाट पोटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"झाल्या का मोकळ्या? काय झालं मॅडम? पोरगा का पोरगी?"

मी म्हटलं, "मुलगी."

ते खरंच होतं. मुलगीच झाली होती. पुढचं वाक्यही मला बोलायचं होतं, ते माझ्या तोंडाशी तयार होतं. पण मावशी तेवढ्यात मागे वळल्या आणि आत ओरडल्या, "अवं ऐकलं का, मॅडमले पोरगी झाली!" आतल्या पोळ्या लाटणाऱ्या दोघी हसल्या. रांगेतल्या मुलींनी "काँग्रॅट्स मॅडम" म्हटलं. मी मान हलवली.

"कोनावर गेली?"

"केस खूप आहेत," मी म्हटलं. "दाट."

"मंग तुमच्यावरच गेली. आता घरी कोन पाहते तिले?"

"सासूबाई आहेत."

हे खोटं होतं. सासूबाई त्यांच्या गावी, कामठ्याला होत्या. पण मी ते इतक्या सहज बोलले की मला स्वतःलाच ते दुसऱ्या कोणी बोलल्यासारखं ऐकू आलं. मग मी माझी मोजणी केली. पुष्कळ मुली एका हाताने जेवत होत्या आणि दुसऱ्या हातात फोन होता. हे मी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मला परत तिथे जावं लागलं, कारण रात्रीच्या जेवणाच्या आधीची गर्दी बघायची राहिली होती. मावशींनी एक स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. डिंकाचे लाडू. "बाळंतिणीले लागतेत. कंबर धरते. रोज एक खात जा," असं म्हणाल्या. मी डबा घरी नेला आणि ओट्यावर ठेवला. नवऱ्याने विचारलं, "हे काय?"

"मेसच्या मावशींनी दिले."

त्याने झाकण उघडलं, पाहिलं, आणि परत लावलं. डिंकाचे लाडू कोणासाठी करतात ते त्यालाही माहीत होतं. मी रोज एक लाडू खाल्ला. मावशींनी सांगितलं होतं म्हणून.

पुढचे काही दिवस असेच गेले. मला वसतिगृहात जायचं नसलं तरी कामाने जावं लागायचं, कारण सगळ्यात जास्त ताण तिथलाच होता. नवी दोन वसतिगृहं त्याच मापाने भरणार होती. मी गेले की मावशी विचारायच्या. दूध पुरते का? रात्री झोपू देते का? हसते का आता? मी थोडक्यात उत्तरं द्यायची. पुरतं. देते. अजून नाही. कॅम्पसच्या एवढ्या पसाऱ्यात तेवढ्या एका खोलीत माझी मुलगी जिवंत होती, दूध पीत होती. मला त्याचं सुख वाटत होतं का? नाही. दुःखही नव्हतं. मी यायची, उत्तरं द्यायची, मोजायची आणि निघून जायची.

दसऱ्याच्या सुमारास सासूबाई कामठ्याहून आल्या. स्वयंपाक करताना त्या माझ्याकडे सारख्या बघत होत्या. शेवटी हातातली पळी ठेवून म्हणाल्या, "रडत काऊन नाही वं तू?"

"येत नाही रडायला."

"असं कसं येत नाही? मी मेली असती तं रडली असती का नाही?"

"माहीत नाही."

"मले भेव लागते तुयाकडे पाहून," त्या म्हणाल्या. "घरात चालते, फिरते, कामावर जाऊन राहिली. जशी पाहुनी आली." मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि माझ्या वाटचंही त्याच रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचं हाड हाताला लागत होतं. त्या फार वाळल्या आहेत, हे मला दिसलं.

मोजणी पूर्ण झाली आणि खरेदी समितीची बैठक लागली. मी सांगितलं की एक नको, दोन कंट्रोलर हवेत. दोन्ही चालू राहतील, डबे अर्धे याच्याकडे, अर्धे त्याच्याकडे. आणि प्रत्येक एवढा मोठा हवा की एक बंद पडला तर दुसरा सगळं एकट्याने ओढेल. म्हणजे रोजच्या दिवशी दोन्ही अर्ध्याहून रिकामेच असतील.

लेखा विभागाचे साहेब गोंदिया शहरातले, हिंदीतच बोलतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मतलब मैडम, खाली रखने के लिए लेना है?"

"हो," मी म्हटलं.

"आज जितने बच्चे हैं, उतने का ले लो. बाकी बाद में देखेंगे."

"मुलं तेवढीच राहिली तरी फोन वाढतात सर. आणि एक यंत्र बसलं की दुसऱ्याला उभं राहायला जागा लागते."

"दोनों छोटे ले लो फिर."

"मग दीक्षांत समारंभाच्या दिवशी मी मंचावर जाऊन माईकवरून सांगेन, सगळ्यांनी आपापले मोबाईल बंद करा, नाहीतर कुलगुरूंचं भाषण बाहेरच्यांना ऑनलाइन दिसणार नाही."

सगळे हसले. कुलसचिव तर चहा सांडेपर्यंत हसले. मी विनोद केला नव्हता. मला खरंच तसं करावं लागलं असतं. पण त्या हसण्यात ठराव मंजूर झाला. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "आज तुम्ही फार ठाम बोललात. आधी तुमचा आवाज कापायचा बैठकीत." मी त्यांना काय सांगणार? आवाज कापायला आत काहीतरी हलावं लागतं.

बैठकीनंतर एकदा मी मेसमध्ये गेले तेव्हा मावशी पातेल्यामागून बाहेर आल्या नाहीत. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं कामात असतील. मी कोपऱ्यातल्या डब्याचा दिवा बघत उभी राहिले. जेवणं उरकली, मुली गेल्या, पोळ्या लाटणाऱ्या बायका भांडी घेऊन मागे गेल्या. मावशी हात पुसत पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मले काऊन नाही सांगितलं?"

मी डब्याच्या दिव्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"वार्डनबाईनं सांगितलं आज. मी त्याईले इचारलं, मॅडमच्या पोरीले आंगडं-टोपडं शिवलं तं चालन का. त्या माह्या तोंडाकडेच पाहत राहिल्या." त्यांचा आवाज चढत गेला. "मी लाडू देऊन राहिली, दुधाचं इचारून राहिली, हसते का इचारून राहिली, आन तुम्ही सांगून राहिल्या! मी काय पागल आहो का? किती जखमेवर हात ठेवला मी तुमच्या, मले काय माहीत?"

"दुखलं नाही मावशी," मी म्हटलं.

"नाही दुखलं?"

"नाही. लाडू चांगले होते."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं आता थोबाडीत मारतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि धपकन बसल्या. मला म्हणाल्या, "बस." इतके दिवस अहो-जाहो होतं, ते त्या एका शब्दात गेलं. मी बसले.

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "नाव ठेवलं होतं का?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. आईने नाही, डॉक्टरांनी नाही, नवऱ्याने तर नाहीच, कारण त्याला ठाऊक होतं. आम्ही दोघांनी ते ठरवून ठेवलं होतं, आणि दवाखान्यातून आल्यापासून आमच्या घरात तो शब्द उच्चारला गेला नव्हता. त्या नावाची एक नदी आहे, म्हणून बातम्यांमध्ये ते आलं की नवरा टीव्हीचा आवाज कमी करायचा.

मी मावशींना नाव सांगितलं.

त्यांनी ते एकदा म्हटलं. त्यांच्या बोलीत त्यातलं एक अक्षर बदललं, पण मी दुरुस्त केलं नाही. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या. मग उठून आत गेल्या, माझ्यासाठी ताट घेऊन आल्या, आणि मी जेवेस्तोवर समोरून हलल्या नाहीत. रागावलेल्याच होत्या. दुसऱ्यांदा भात वाढतानाही रागानेच वाढला. नंतर कित्येक दिवस त्या माझ्याशी तुटक बोलत राहिल्या आणि मला ते बरं वाटायचं. बाकी सगळे इतके जपून बोलायचे की कोणी रागावलेलं माणूस मला दिसतच नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी मी नवऱ्याला सांगितलं, "मावशींना नाव सांगितलं मी."

तो बूट काढत होता. थांबला. "काय म्हणाल्या?"

"चांगलं आहे म्हणाल्या."

त्याने दुसरा बूट काढला, दोन्ही नीट भिंतीशी लावले. मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "मीही दुकानात एकट्याने तिचं नाव घेतो कधी कधी." मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्या रात्री आम्ही टीव्ही लावला नाही.

दिवाळीच्या सुटीत आम्ही नवे कंट्रोलर बसवले. कॅम्पस रिकामं होतं, शेतांत धान कापणीला आलं होतं, आणि आम्ही एकेक इमारत जुन्यावरून काढून नव्यावर नेत होतो. नागपूरहून आलेला कंपनीचा इंजिनिअर सगळं करून दाखवून म्हणाला, "एक बंद करून बघायचं असेल तर आत्ताच बघून घ्या मॅडम, सुटीत. कोणाला त्रास नाही."

मी म्हटलं, "सुटीत बघून काय कळणार? मुलं आल्यावर बघू. भर दुपारी."

सरांनी डोक्याला हात लावला, पण कुलसचिवांची परवानगी आणून दिली.

मुलं परत आल्यावर एका कामाच्या दिवशी, जेवणाच्या वेळी, ते ठरलं. मला वसतिगृहात कोणीतरी हवं होतं, जे मला सांगेल की कॉल तुटला की नाही. विभागातली माणसं ग्रंथालयात आणि वर्गांत उभी होती. मी मावशींकडे गेले.

"मावशी, तुमची मुलगी पुण्याला आहे ना? तिला व्हिडिओ कॉल लावा. मेसमध्ये बसूनच बोला. मध्ये अडकलं, तुटलं, तर मला सांगायचं."

"कायले? काय करून राहिली तू?"

"एक यंत्र बंद करणार आहे. दुसरं सांभाळतं का ते बघायचंय."

"आन नाही सांभाळलं तं?"

"तर सगळे मला शिव्या देतील."

त्या पहिल्यांदा हसल्या. "मंग लावतो फोन. पोरीशी भांडनच करायचं होतं आज."

मी सर्व्हर रूममध्ये उभी राहिले. आत थंडी आणि पंख्यांचा एकसारखा आवाज. सर माझ्या मागे उभे होते. पहिल्या कंट्रोलरच्या मागची विजेची वायर मी स्वतः काढली. त्याचे दिवे गेले. समोरच्या पडद्यावर अर्ध्या कॅम्पसचे डबे लाल झाले. मग एक हिरवा झाला, मग दहा, मग एकदम सगळी रांग. दुसऱ्याच्या भाराचा काटा चढत गेला, चढत गेला आणि माझ्या हिशेबात होता त्याच्या जरासा खालीच थांबला. मी त्याकडे बघत होते आणि माझे तळहात ओले झाले होते. मी ते साडीला पुसले. ओले झाले, हे मला कळलं.

ग्रंथालयातून फोन आला, ठीक आहे. वर्गांतून आला, एकदोघांना परत जोडावं लागलं, बाकी ठीक. मी मावशींना फोन केला, तो बराच वेळ लागेना. मी परत परत लावत राहिले. मग लागला.

"तुटलं का मावशी?"

"कायचं तुटते! मी इकडे बोलून राहिली, ते आयकूनच नाही राहिली. तोंड असं जरासं थांबलं तिचं, मंग लागली परत बोलायले. तूच कायले मधात फोन करून राहिली?"

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. "झालं तुमचं," ते म्हणाले.

जानेवारीत नव्या सत्राची नोंदणी आली. आम्ही सगळे सकाळपासून आपापल्या जागी बसलो होतो. पोर्टल उघडलं. पडद्यावर आकडे चढले आणि एका उंचीवर जाऊन राहिले. खिडकीशी कोणी आलं नाही. फोन वाजला नाही. या कामात चांगलं झालं की काहीच होत नाही. कोणी येऊन सांगत नाही की आज वायफाय चालू होतं. सरांनी कचोऱ्या मागवल्या आणि आम्ही त्या गप्पा मारत खाल्ल्या. कोणीतरी काहीतरी सांगितलं आणि मी हसले.

दुपारी मला भूक लागली. कचोरी खाऊनही लागली. पोटात ओढल्यासारखं होत होतं. मी मेसमध्ये गेले. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी होती, वरण होतं, गरम भात होता. भाजीत मीठ जरा जास्त पडलं होतं. मी मावशींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग नको खाऊ." मी दोनदा घेतली.

समोर बसलेल्या मुलीने ओळख नसताना माझ्याकडे मान वळवली. "मॅडम, तुम्ही वायफायवाल्या ना? आमच्या वरच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत येतच नाही. बाकी सगळीकडे येते. काऊन?"

"किती दिवसांपासून?"

"आम्ही आलो तेव्हापासून. त्या खोलीतली पोरगी जिन्यात बसते रोज, घरी बोलायला."

हे कंट्रोलरचं नव्हतं. मध्ये पाण्याच्या टाकीची जाड भिंत असणार. मी मोजायला आले होते तेव्हा मेसमध्ये उभी राहिले, मधल्या मजल्यांवर फिरले, त्या टोकाला गेले नव्हते. मी ताट उचलून ठेवलं, हात धुतले आणि तिला म्हटलं, "चल, दाखव."

जिना चढताना ती पुढे, मी मागे. वरून कोणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत होता.